मिशीवाला मास्टर

शिवणाचं दुकान तिचं होतं, पण त्याचा लोगो ठरवायची जोखीम नवऱ्याने आपल्या शिरावर घेतली होती. तीन आठवडे तो दुकानातल्या स्टुलावर बसून मोबाइलवर स्वस्तातलं लोगोचं ॲप शोधत होता. एकात रंग भडक, दुसऱ्यात अक्षरं किरटी, तिसरं तर तोंड वर करून पैसेच मागत होतं. तेवढ्या वेळात तिने अकरा पँटी आखूड केल्या आणि दोन कोटांची अस्तरं बदलली.

शेवटी त्याने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक शिंपी होता. गळ्यात टेप, हातात कात्री, ओठांवर झुबकेदार मिशी.

"हा कोण?" तिने दातांतली टाचणी काढून विचारलं.

"मास्टर."

"शिवते मी. बाई नव्हती का त्यात?"

"होती ना. पण बाईचे पैसे पडतात, मास्टर फुकट आहे." मग स्वतःच्या मिशीवरून बोट फिरवत तो म्हणाला, "आणि जरा माझ्यासारखाही दिसतो."

तिने टाचणी पुन्हा दातांत धरली.

पाटी लागली त्याच दिवशी एक गिऱ्हाईक कोट घेऊन आलं. त्याने पाटीकडे पाहिलं, मशीनवर वाकलेल्या तिच्याकडे पाहिलं आणि स्टुलाकडे वळून अदबीने विचारलं, "मास्टर, खांद्यात घट्ट होतोय. बघता का जरा?"

नवरा हसत उठू लागला.

"त्यांना बसू द्या," मशीन न थांबवता ती म्हणाली. "ते फुकटातले आहेत. कोट इकडे आणा."