पंख्यावरचा नारळ

छत्तीस सालच्या दसऱ्याला नाशिकच्या मैदानावर शेठजींनी नव्याकोऱ्या विमानाची पूजा केली आणि हौसेने नारळ थेट त्याच्या लाकडी पंख्यावरच फोडला. सगळे प्रसादाकडे वळले. विमानाची देखभाल करणाऱ्या कादर मिस्त्रीला मात्र पंख्याच्या पात्यावर केसाएवढी चीर दिसली.

"शेठजी, पातं चिरलंय. आज विमान उडवू नका."

"सणासुदीला अभद्र बोलू नकोस, कादर! सीमोल्लंघनाला विमान मालेगावपर्यंत जाणार म्हणजे जाणार."

पायलट पेस्तनजी पलीकडे हार घालून घेत होता. त्याला जाऊन सांगावं, असं कादरच्या फार मनात आलं. पण 'मुसलमान असून आमच्या नारळात खोट काढतो' असं चारचौघांत कुणी म्हणालं तर? पेस्तनजीकडे न जाता तो प्रसादाच्या रांगेत उभा राहिला.

चांदवडच्या डोंगरावर पातं तुटलं, हादऱ्यांनी इंजिन बंद पडलं, आणि पेस्तनजी परत आला तो चादरीत गुंडाळलेला.

पुढच्या दसऱ्याला दुसरं विमान आलं. पूजेची पिशवी धरून कादर शेजारीच उभा होता.



"गेल्या वर्षी पूजेतच काहीतरी कमी पडलं, यंदा पंख्यावर पाच फोडू," शेठजी म्हणाले, आणि कादरने पहिला नारळ त्यांच्या हातात दिला.