अठरा इंच

अठरा इंचांहून आखूड नळीची शॉटगन नोंदीवाचून घरात ठेवली तर तुरुंग, हे केंटकीच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी हर्शेलने तीस वर्षांपूर्वी दारूच्या नशेत नळी कापली. त्याच्या बायकोने, ओपलने शिवणाच्या टेपने मोजली, तर सतरा भरली. तेव्हापासून तिचं एकच वाक्य, "बाटलीला शिवलास तर शेरीफला बोलावते!" गडी पुन्हा प्यायला नाही.

आता नातजावईच शेरीफचा शिपाई निघाला. म्हणून काही उपाय होतो का बघायला बंदूक गोधडीत गुंडाळून ओपल बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या वेंडेलकडे आली. त्याने नळीत तळापर्यंत काठी सोडली, खूण केली आणि मोजली.

"सव्वाअठरा. वहिनी, बाहेरून मोजायची नसते. सव्वा इंच नळी सांगाड्याच्या आत लपलेली असते."

"म्हणजे एवढी वर्षं मी त्या मेल्याला फुकटच धाकात ठेवलं?"

"हर्शेलदादा तर कापली त्याच आठवड्यात माझ्याकडून मोजून गेला होता की!"

ओपल बाहेर गाडीत थांबलेल्या हर्शेलशेजारी येऊन बसली.

"किती भरली गं?" हर्शेलने भीत भीत विचारलं.

"सतरा."

हर्शेलने नेहमीसारखा घाबरा चेहरा केला. तो आज तिने पहिल्यांदाच नीट निरखून पाहिला.