त्या बाईंचा मेसेज

साथीमुळे वर्षभर मुलांचं लसीकरण रखडलं होतं आणि आता शेजारच्याच गल्लीत गोवर निघाला होता. तोंडावर मास्क लावून, हातात लसीकरणाची यादी घेऊन नर्सबाई तिसऱ्यांदा त्याच दारात उभ्या होत्या. दाराची साखळी काही निघत नव्हती. फटीतून आईच्या कडेवरचं दहा महिन्यांचं बाळ तेवढं दिसत होतं.

"ताई, गोवर घरात शिरला तर पळता भुई थोडी होईल. पाच मिनिटांचं काम आहे, दवाखान्यात चला."

"तुम्ही कितीही गोड बोला, मी लेकराला बाहेर काढायची नाही. दवाखान्यातल्याच एका बाईंनी बजावलंय तसं. पोटुशी होते तेव्हा कुणीतरी रेकॉर्ड करून पाठवलेला त्यांच्या आवाजातला मेसेज अजून जपून ठेवलाय मी."

नर्सबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोण ही बाई? ऐकवा मला! आजच्या आज तक्रार करते तिची."

आईने फोन फटीपाशी धरला. खरखर होती, पण शब्द न् शब्द कळत होता. "हात जोडून सांगते, साथ ओसरेपर्यंत लहान मुलांना दवाखान्यात मुळीच आणू नका..."

"बघा, किती पोटतिडकीने सांगतात त्या! आता विश्वास त्यांच्यावर ठेवू की तुमच्यावर?"



नर्सबाईंनी मास्क आणखी वर ओढला. साथीच्या पहिल्याच आठवड्यात रिक्षात बसून, गल्लोगल्ली भोंग्यावरून ओरडलेला तो आवाज त्यांचाच होता.