घट्ट बसलेला जॉइंट

बाबा गेल्यावर त्यांचा ट्रक मीच चालवत होते. त्याच्या चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा जॉइंट गंजून असा घट्ट बसला, की तो काढायला तीन दिवस हातोडा मारून माझे खांदे भरून आले, पण तो जागचा हलेना. शेवटी बाबांचे जिवलग मिस्त्रीकाका आले. ट्रकखाली शिरून त्यांनी टॉर्च मारला आणि बाहेर येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, याचा नाद सोड. भंगारात घाल."

आम्ही दोघंही रडलो, आणि दुसऱ्या दिवशी मी ट्रक भंगारात विकला.

आठवड्याने मी भंगारवाल्याकडे गेले. आठवणीला निदान स्टीअरिंग तरी हवं होतं.



"ट्रक? तो तर तुम्ही दिलात त्याच संध्याकाळी मिस्त्रीकाका विकत घेऊन चालवत घेऊन गेले, ताई. जॉइंट अडवून धरणारं आतलं लॉक काढलं आणि दोन ठोक्यांत जॉइंट बाहेर! नवा घातला की ट्रक सुरू!"