हिरवळीचा मान

सुट्टीत नातीला घेऊन एक जुनं, नावाजलेलं कॉलेज बघायला गेलो. मधल्या चौकातली हिरवळ पाहून आम्हा दोघांनाही मोह आवरेना, पण पहारेकऱ्याने अडवलं.

"आजोबा, हिरवळीवर फक्त शिकवणाऱ्यांनी चालायचं. कॉलेज सुरू झाल्यापासूनचा नियम आहे."

"अहो, अख्खा जन्म गेला माझा शाळेत शिकवण्यात!" मी ऐटीत म्हणालो.

"ते झालंच. पण हल्ली कुणाला शिकवता?"

नात तावातावाने पुढे झाली. "मी शिकवते! आजोबांना मोबाईल. रोज तेच तेच विचारतात, तरी मी रागवत नाही."

पहारेकरी अदबीने बाजूला झाला.


"या बाई, तुम्ही या. विद्यार्थ्यांनी कडेला उभं राहून बाईंचा फोटो काढायचा."