डिस्क म्हणते, लिहिलं

“ती ओळ काढून टाका मॅडम,” डिस्क विकणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला. पुण्याहून आला होता, टाय सैल करून चहा पीत बसला होता. “आमच्या मालाची बदनामी होते.”

निशाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दूध संकलन केंद्रांवरच्या कॉम्प्युटरसाठी ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्यातला दुभाषी, तीच लिहायची. त्यात तिनं एक ओळ घातली होती: या बनावटीच्या डिस्कच्या शब्दावर विश्वास ठेवू नको, नोंद खरोखर उतरेपर्यंत थांब. ही बया ‘लिहिलं’ म्हणायची तेव्हा काहीच लिहिलेलं नसायचं, सगळं तिच्या तात्पुरत्या स्मरणात लोंबकळत असायचं. तेवढ्यात वीज गेली की संपलं. आणि भारनियमनाच्या त्या दिवसांत वीज जाणं तर पाचवीलाच पुजलेलं.

“बदनामी?” ती म्हणाली. “मग गडमुडशिंगीत जोतीरामची काय झाली?”

ती ओळ घालण्याआधीची गोष्ट. जोतीराम तिथल्या केंद्रावर नोंदी करायचा. सकाळी बायका दूध घालून घरी गेल्या, वीज गेली, पुन्हा आली, आणि शेवटी आलेल्यांचं दूध कॉम्प्युटरमध्ये नव्हतंच. आमची नावं पुसून दूध सोयऱ्यांच्या नावावर चढवलंस, म्हणून धोंडुबाईनं चारचौघांत त्याची गचांडी धरली. दूध संस्थेच्या चेअरमननं त्याला घरी बसवलं. निशा भेटायला गेली तर मान वर करेना. “म्या सगळं भरलंतं, बाई,” एवढंच म्हणाला. “मशीन व्हय म्हणालंतं.”

“निशा, जरा सबुरीनं घे,” केंद्रांना कॉम्प्युटर पुरवणाऱ्या तिच्या कंपनीचे मालक सयाजीराव म्हणाले. याच डिस्कचा अख्खा लॉट त्यांनी स्वस्तात उचलला होता. “तुझ्या त्या ओळीनं मशीन गोगलगाय झालंय. केंद्रावर रांगा लागत्यात. आन् आमची डिस्क खोटं बोलली, असं चेअरमनला कुठल्या तोंडानं सांगू?”

“हाय त्याच तोंडानं सांगा.”

“आमच्याकडे सगळ्या चाचण्या पास आहेत,” पुण्याचा पाव्हणा म्हणाला. “आणि सयाजीराव स्वतः वापरतात. विचारा त्यांना.”

वापरत होतेच. त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला त्याच लॉटमधली डिस्क होती. आत्ताही नातीच्या बारशाचे फोटो मेव्हण्याच्या कॅमेऱ्यातून तिच्यावर उतरत होते. उतरला की कॅमेऱ्यातला फोटो पुसला जायचा. निशाची ओळ या कॉम्प्युटरवर मात्र नव्हती. मालकांना गोगलगाय कशी चालेल? पडद्यावर पाटी झळकली: काम पूर्ण.

निशा उठली. भिंतीपाशी गेली आणि त्या कॉम्प्युटरच्या विजेच्या बटणावर तिनं बोट ठेवलं.

“अगं ए!” सयाजीराव खुर्ची उलथवून धावले आणि बटणावर पंजा पसरून उभे राहिले. त्या झटापटीत पाव्हण्याचा चहा त्याच्याच टायवर सांडला. “डोकं फिरलंय काय तुझं? पोरीचं फोटू हायत त्यात!”

“लिवलं म्हणतीया की डिस्क.”

“म्हणू दे! दोन मिनिटं थांब की जरा!”

पाव्हणा रुमालानं टाय पुसत राहिला. आपण काय बोलून बसलो ते सयाजीरावांनाही उमगलं, पण बटणावरचा हात काही निघेना.

निशानं टेबलावरचा फोन उचलून त्यांच्यापुढं धरला.

“गडमुडशिंगीत बटणावर असा कुणी हात ठेवला न्हवता, सर,” ती म्हणाली. “चेअरमनला तेवढंच सांगा.”