बिनकडीचं दार

"बाथरूम कुठंय?" चहाचा कप खाली ठेवत तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं.

मुख्याध्यापकांनी लगबगीने खण उघडला. "स्टाफचं आहे ना, मॅडम. किल्ली देतो."

दहावीची मॉनिटर रिकामे कप गोळा करत होती. पाहुण्यांसमोर नीट हसायचं आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं तिला सकाळीच बजावलं होतं. पण तिच्या बाकावरची मैत्रीण सोमवारपासून शाळेत आली नव्हती. ती बाथरूममध्ये असताना कुणीतरी दार ढकललं होतं, आणि बाहेर अर्धा वर्ग होता. आता शाळेचं नावसुद्धा काढू देत नव्हती.

"मॅडम, मुलींचं जवळ आहे," मॉनिटर म्हणाली. "चला, दाखवते."

सरांनी डोळे वटारले. तिने ट्रे खाली ठेवला.

"बरंच झालं," बाई उठल्या. "तेही बघून होईल."

"नवीन टाइल्स बसवल्यात, मॅडम!" किल्ली शोधता शोधता सर मागून ओरडले.

टाइल्स खरंच लखलखत होत्या. बाई आत गेल्या. दार लोटलं, तर ते आपलं आपण हातभर उघडलं.

"अगं, कडी कुठंय?"

"सरांनी काढली. सगळ्याच दारांच्या काढल्या. मुली आत बसून मोबाइल बघतात म्हणे."

"मग तुम्ही काय करता?"

"पाणी पीत नाही. आणि अगदीच राहवेना झालं, तर आत गाणं म्हणतो. आवाज आला की कुणी ढकलत नाही. तुम्ही पण म्हणा."

"चल, काहीतरीच! तू धर ना दार."

"धरते. पण धरणारीलाही ढकलतात, मॅडम."

तिने दार बाहेरून ओढून धरलं. तेवढ्यात बूट खाडखाड वाजले. किल्ली नाचवत सर धापा टाकत आले.

"मॅडम कुठायत?"

"आत."

"इथं?" सरांचा आवाज चिरकला. "अक्कल गहाण टाकलीस का? हो बाजूला. मला बोलू दे त्यांच्याशी."

"नाही होणार, सर."

"शाळेतून नाव काढून टाकीन!"

"टाका."

दार मागच्या मागे ओढून धरत तिने पाय रोवले.

आत कुणीतरी घसा खाकरला. मग बाई गाऊ लागल्या. आवाज भसाडा, सूर भलतीकडेच. बाळाला निजवायची अंगाई होती. तेवढीच पाठ असावी बहुधा.

सरांचा किल्लीचा हात हवेतच राहिला. मग ते गर्रकन वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"मोठ्यानं, मॅडम," मॉनिटर म्हणाली. "बाहेर ऐकू आलं पाहिजे."